पेशी पेरलेला गुडघा

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला स्वतःच्या अंतरंगाचं दर्शन घडतं. मला ते बेचाळिसाव्या वर्षी, सकाळी, उपाशीपोटी घडलं. डॉ. मोघ्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्यावर माझ्या उजव्या गुडघ्याची एमआरआयची फिल्म लावली, चार पावलं मागे सरकून गंभीरपणे पाहिली, मग ती काढली आणि सरळ करून पुन्हा लावली. आधी उलटी लागली होती. एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही, हेही मला त्यानंतरच कळलं.

"हे बघ विनायक," ते म्हणाले, "इथे खड्डा पडलाय."

त्यांनी पेनच्या टोकानं दाखवलं. त्याला ऑस्टिओकॉन्ड्रल डिफेक्ट म्हणतात. ऑस्टिओ म्हणजे हाडाचं, कॉन्ड्रल म्हणजे कूर्चेचं. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा तो गुळगुळीत पांढरा थर, ज्याच्यामुळे एक हाड दुसऱ्यावर न घासता सरकतं. माझ्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर हा थर, खालच्या हाडाच्या तुकड्यासकट, रुपयाएवढ्या जागेतून निघून आला होता.

"भरून येईल?" मी विचारलं.

"हाड येतं. कूर्चा येत नाही. तिला रक्तपुरवठाच नसतो, मग दुरुस्तीला येणार कोण?"

मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. दुरुस्तीला कुणी येत नाही, हे मला समजायला जड गेलं नाही.

*

सुरुवात किल्ल्यावर झाली होती. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका राजाच्या पराक्रमाचं वर्णन करत, त्यांच्याकडे तोंड करून मी उलटा चालत होतो, आणि एका पायरीवरून पाय मुरगळला. गुडघा सुजला, मी शेकला, सूज उतरली. मी विसरलो. तुम्हीही असेच विसराल, म्हणून सांगतो: गुडघ्याला मार लागून सूज आली आणि नंतर तो मधूनच अडकायला लागला, तर तेल चोळणाऱ्याकडे जाऊ नका. मी गेलो होतो.

गुडघा पहिल्यांदा नीट अडकला तो दाना ओली मोहल्ल्यात, नात्यातल्या एका मुंजीत. पंगत जमिनीवर होती. आमच्याकडे अजून बसते. जेवण होत आलं असताना बापूकाका आले. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, पंचाऐंशी पार केलेले, महसूल खात्यातून निवृत्त, आणि आमच्या साऱ्या गोतावळ्यात आता सर्वांत वडील. आमचे पूर्वज दख्खनेतून आले ते दरबारात कारकुनी करायला. दरबार गेला, जहागिरी गेल्या, मोठ्या घरांतून शाळा आणि दुकानं आली. राहिलं ते इतकंच, की वडीलधारा माणूस समोर आला की उठून उभं राहायचं. हातात घास असला तरी. आमच्या मुलांना बाराखडीच्या आधी हे येतं.

तर बापूकाका आले आणि सगळी पंगत उभी राहिली. मी राहिलो नाही. गुडघा अर्धा वाकून थांबला होता आणि पुढे जायलाही तयार नव्हता, मागेही. वाढप्याला वाटलं, मी आणखी श्रीखंडासाठी बसलो आहे, त्यानं वाढलं.

बापूकाका माझ्यासमोर काठी टेकून थांबले. "काय विनू, प्रोफेसर झालास, आता उठायचं कारण नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. गुडघ्यात कळ आली असताना जसं हसता येतं तसं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य साऱ्या गोतावळ्यात फिरून माझ्या बायकोच्या कानावर आलं होतं. तोपर्यंत दोन भाच्यांनी मला उचलून स्कूटरवर बसवून घरी आणलं होतं, पण ती बातमी कुणालाच नको होती.

*

डॉ. मोघे नई सडकेवर साड्यांच्या एका दुकानाच्या वर बसतात. माझ्या आजीचं मनगट त्यांनी बसवलं होतं, वडिलांची कंबर त्यांनीच पाहिली होती. आमच्या घराण्याची हाडं त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांनी समजावलं: खड्डा लहान असता, तर गुडघ्याच्याच कमी कामाच्या जागेतून हाड-कूर्चेचे छोटे खुंट काढून इथे बसवले असते. एका खोलीची फरशी काढून दुसऱ्या खोलीत लावायची, तसं. पण खड्डा मोठा, तेवढी फरशी काढली तर पहिल्या खोलीत राहायचं कसं?

"आणि काहीच नाही केलं तर?"

"घासत जाईल. पन्नाशीच्या आत कृत्रिम सांधा बसवावा लागेल. तोही जन्मभर पुरत नाही, पुढे पुन्हा बदलायचा. शिवाय खाली मांडी घालून बसणं, जिने, किल्ला, सगळं विसरायचं."

मग त्यांनी एका कागदावर डॉ. भार्गवांचं नाव लिहिलं. "हे लोक पेशी वाढवून खड्डा भरतात. प्रयोगाच्या पातळीवर आहे अजून. माणूस बरा आहे." थोडं थांबून म्हणाले, "स्लाइड जरा जास्त दाखवतो."

*

डॉ. भार्गव ज्या हॉस्पिटलात होते ते लष्करातलं एक जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल. लष्कर म्हणजे शहराचा आमचा भाग. सैन्य तिथून केव्हाच निघून गेलं. भार्गव पन्नाशीचे, तुकतुकीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हाताचे तळवे उघडणारे. पहिल्याच स्लाइडवर उगवता सूर्य होता. गुडघ्याचा आणि सूर्योदयाचा संबंध मी शोधत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "प्रोफेसर साहब, अब शरीर अपनी मरम्मत खुद करेगा."

जे खुद होणार असतं त्याला डॉक्टर लागत नाही. माझा संशय त्या वाक्यापासून सुरू झाला आणि पुढे बरेच महिने माझ्यासोबत राहिला. त्यानं माझी काळजीही घेतली, हे शेवटी सांगावं लागेल.

पद्धत अशी होती. दुर्बिणीतून गुडघ्याच्या कडेची कूर्चा तांदळाच्या दाण्याएवढी काढायची. तिच्यातल्या पेशींना कॉन्ड्रोसाइट म्हणतात. या कूर्चा बनवणाऱ्या पेशी. दुसरीकडे कमरेच्या हाडातून थोडा मगज, म्हणजे हाडातली मज्जा, काढायचा. त्यात मेसेनकायमल स्टेम सेल असतात. म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरवलेल्या पेशी, ज्या हाडही होऊ शकतात, कूर्चाही. मग दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत दोन्ही जातींच्या पेशी एकाच भांड्यात एकत्र वाढवायच्या. याला को-कल्चर म्हणतात, सहवाढ म्हणू या. शेवटी त्या दोन थरांच्या एका जाळीत भरायच्या, खालचा थर हाडासारखा, वरचा कूर्चेसारखा मऊ, आणि ती जाळी खड्ड्यात बसवायची. जाळीला स्कॅफोल्ड म्हणतात; इमारतीला बांधतात ती परांची. काम झालं की ती विरघळून जाते.

"दोन जातींच्या का? एकीनं भागत नाही?" मी विचारलं.

भार्गवांचे तळवे मिटले. पहिल्यांदाच त्यांनी स्लाइडकडे न बघता उत्तर दिलं. कूर्चेच्या पेशी एकट्या भांड्यात वाढवल्या, की त्या हळूहळू आपलं काम विसरतात. संख्या वाढते, पण कूर्चा बनवणं सोडून देतात. नुसत्या मगजाच्या पेशी घेतल्या, तर त्या कूर्चा व्हायला निघतात आणि बरेचदा पुढे जाऊन हाडच होऊन बसतात. दोघी एकत्र असल्या की मगजाच्या पेशी काही द्रव्यं सोडतात, त्यामुळे कूर्चेच्या पेशींना आपलं काम आठवतं.

"और फिर बोनमॅरोवाली सेल्स का क्या होता है?"

"ज़्यादातर चली जाती हैं," ते म्हणाले. "काम करवाके गायब."

पुढची स्लाइड आली. तिच्यावर दोन माणसं हस्तांदोलन करत होती.

*

घरी चर्चा झाली. माझी बायको मीनल शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आमच्या घरात चर्चा म्हणजे सिद्धता मागणं. "किती जणांना केलंय यांनी? त्यातले किती चालून राहिले आहेत? आणि जे चालून नाही राहिले, त्यांचा फोटो कोणत्या स्लाइडवर होता?"

हे तिनं दुसऱ्या भेटीत भार्गवांना जसंच्या तसं विचारलं, हिंदीत. त्यांनी सांगितलं, की इथे मोजक्याच लोकांवर झालं आहे, बहुतेकांना आराम आहे, एकाचा भराव सुटून आला होता, आणि दहा वर्षांनी काय होईल हे कुणालाच माहीत नाही. हे सगळं त्यांनी तळवे न उघडता सांगितलं. मीनल रिक्षात मला म्हणाली, "सूर्य काढून टाकला तर माणूस ठीक आहे."

आमची मुलगी सई तेव्हा दहावीत होती. ती ग्वाल्हेरच्या तिच्या वयाच्या सगळ्या मुलांसारखी मराठीत वाक्य सुरू करते आणि हिंदीत उतरते. "बाबा, तुम्ही ना फालतूमध्ये इतना सोचते हो. तुमच्याच सेल्स आहेत, कोई दूसरे के थोड़ी ना हैं."

हाच तर प्रश्न होता. त्या माझ्याच आहेत हे मला कळणार कसं? मी हो म्हणालो, पण हा प्रश्न खिशात ठेवून.

*

पहिलं, छोटं ऑपरेशन झालं. गुडघ्यातून दाणा काढला, कमरेतून मगज काढला. कमरेचं दुखणं गुडघ्यापेक्षा जास्त होतं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक पांढरा डबा माझ्यासमोरून चाकांवर गेला. माझा तेवढा भाग दुसऱ्या शहरी रवाना झाला आणि मी वॉकर घेऊन घरी आलो.

पेशी वाढायला काही आठवडे लागतात. त्या वाढत असतानाच हॉस्पिटल विलीन झालं.

एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं ट्रस्टकडून ते घेतलं. विलीनीकरण ग्वाल्हेरला नवं नाही. मी ते दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो. आधी पाटी बदलते, मग खुर्च्या, मग शिक्के. जुने अधिकारी नव्या अधिकाऱ्यांचं हार घालून स्वागत करतात. बऱ्याच काळानं कुणाच्या तरी लक्षात येतं, की पाण्याच्या टाकीची किल्ली कुणाकडे राहणार, हे करारात कुठेच नाही. इथेही तसंच झालं. 'अस्थिरोग विभाग' ही पाटी उतरली आणि त्या जागी इतकं लांब इंग्रजी नाव आलं, की ते दाराच्या चौकटीत मावेना. शेवटचा शब्द भिंतीवर चिकटवला होता. आत तोच पंखा, तोच ठिबकणारा नळ. चौकशीच्या खिडकीत ब्लेझर घातलेला एक तरुण आला होता.

"मेरे सेल्स कहाँ हैं?" मी विचारलं.

"सर, इंटिग्रेशन चल रहा है. आप निश्चिंत रहिए."

आमच्या शहरात कुणी निश्चिंत राहायला सांगितलं, की जाणते लोक सावध होतात. पुढच्या भेटीला कळलं, की पेशी वाढवण्याचा हा कार्यक्रम कंपनीला चालू ठेवायचा आहे की नाही, यावर विचार सुरू आहे. म्हणजे कमरेतून मगज काढून घेतलेला, गुडघ्यात खड्डा असलेला मी, आणि माझ्या पेशी कुठल्यातरी शीतपेटीशेजारी, मालक ठरण्याची वाट बघत. या दिवसांत मी वाईट वागलो. मीनलवर खेकसलो, सईचं काही ऐकलं नाही, आणि इंटरनेटवर जे वाचू नये ते सगळं वाचलं.

शेवटी भार्गवांचाच फोन आला. ज्यांच्या पेशी आधीच वाढायला गेल्या आहेत, त्यांचं काम पूर्ण करायची परवानगी त्यांनी मिळवली होती. "लड़कर लाया हूँ," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचे तळवे कुठे असतील याचा मी विचार केला नाही.

*

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा झगा घालून आत नेलं. मनगटावर नव्या व्यवस्थेचा नवा पट्टा बांधला होता. भूल द्यायच्या आधी पांढरा डबा आला. भार्गवांनी डब्यावरचा नंबर वाचला, माझं मनगट हातात घेऊन पट्ट्यावरचा वाचला, पुन्हा डब्यावरचा वाचला.

"ये नंबर किसका है?"

ब्लेझरवाला, आता झग्यात, दारातून म्हणाला, "सर, पुराना नंबर है. सिस्टम मर्ज हुआ ना. नाम तो सेम है."

"नाम सेम है?" भार्गव वळले. "ग्वालियर में विनायक कितने हैं, पता है तुम्हें? हर मराठी मोहल्ले में एक मिलेगा. बाहर निकलो, लॅब को फोन लगाओ. जब तक मिलान नहीं होता, कोई हाथ नहीं लगाएगा."

या पेशी प्रयोगशाळेतून निघाल्यावर फार तास तग धरत नाहीत. फोन लागला, ठेवला, पुन्हा लागला. कुणीतरी म्हणालं, देर हो रही है. भार्गव म्हणाले, होने दो. खराब हुए तो फेंक देंगे, किसी और के नहीं डालूँगा. मी छताकडे बघत पडलो होतो. माझ्या खिशातला प्रश्न, आता खिसाच नव्हता, तो दुसऱ्याच माणसाच्या तोंडून मी ऐकत होतो. इतक्या महिन्यांत मला त्या माणसावर विश्वास बसला तो त्या वेळी. उगवत्या सूर्याची स्लाइड दाखवणारा माणूसही माझ्याइतकाच संशयी निघाला होता.

प्रयोगशाळेनं नमुन्याची खूण, जन्मतारीख आणि रक्तगट जुळवून दिला. पेशी माझ्याच होत्या. मग भूल दिली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टर किती आत्मविश्वासानं बोलतो याकडे पाहू नका. तो कशावर शंका घेतो ते पाहा.

*

ऑपरेशननंतरचा नियम साधा आणि क्रूर आहे. बरेच आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही. अजिबात नाही. जाळी खड्ड्यात बसवलेली असते, कडा अजून जुळलेल्या नसतात. पेशींना थोडी हालचाल हवी असते, म्हणून एक यंत्र पाय हळूहळू वाकवतं आणि सरळ करतं. पण भार पडला तर भराव सुटून येऊ शकतो. सुटला तर खड्डा पहिल्यापेक्षा मोठा. मग उरतो तो कृत्रिम सांधा. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला दम भरला होता: "गिरना चलेगा सर, बाएँ पैर पे गिरिए. दाहिने पे खड़ा होना नहीं चलेगा."

मी शहाण्यासारखा राहिलो. पलंगाशेजारी कुबड्या, हाताशी घंटी. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येणं हे कर्तव्य आहे, आणि लोकांनी ते पार पाडलं. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी होतं ज्याचा गुडघा गेला होता. एकानं मेथीचे लाडू आणले. एकानं विचारलं, "म्हणजे गुडघ्यात बीज पेरलंय तर, उगवेल केव्हा?" मी सगळ्यांना पलंगावरूनच नमस्कार करत होतो. सवय झाली होती. मला वाटलं होतं.

एका दुपारी दारात काठीचा आवाज झाला. पडदा बाजूला झाला आणि बापूकाका उभे होते. जिना चढून आले होते, धाप लागलेली, डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा कोट, माझ्यासाठी घातलेला.

मी उठून उभा राहिलो.

मी ठरवलं नाही. कुबड्यांकडे हात गेला नाही. वर्षानुवर्षांची सवय पायांत होती आणि तिच्यावर मुंजीतलं ते वाक्य होतं. दोघांनी मिळून मला उचललं. मी दोन्ही पायांवर ताठ उभा, हात जोडलेले, आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं.

बापूकाकांच्या हातून काठी पडली. "अरे बस! बस, गाढवा! मी काय महाराज आहे?"

मीनल आतून धावत आली. तिनं मला पलंगावर ढकललं म्हटलं तरी चालेल. "उभे राहिले? तुम्ही उभे राहिले?"

"काका आले होते," मी म्हणालो. इतकं हास्यास्पद स्पष्टीकरण मी पूर्वी कधी दिलं नव्हतं, आणि ते खरं होतं.

बापूकाका खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मुंजीत मी ते थट्टेनं म्हटलं होतं रे."

"माहीत आहे काका."

"माहीत होतं तर उठलास कशाला?"

ज्यानं आयुष्यभर हारतुरे, व्यासपीठं, लवून केलेले नमस्कार यांची टिंगल केली, त्याच्या पायात दरबार तसाच शाबूत होता. एकत्र वाढलेल्या, आपलं काम न विसरलेल्या पेशींसारखा. तो कुठल्या एमआरआयमध्ये दिसला नव्हता.

*

गुडघा सुजला. भार्गवांनी तपासलं, बर्फ सांगितला, आणि विचारलं, "खड़े क्यों हुए?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मेरे ससुराल में भी यही है." पुढे म्हणाले, आता काही करायचं नाही. भराव सुटला आहे की नाही हे लगेच खात्रीनं सांगता येणार नाही. सूज उतरू द्या, वेळ जाऊ द्या, मग एमआरआय.

त्यानंतरचे आठवडे हा या आजाराचा खरा भाग होता. आधीच्या सगळ्या वेळी संशय घ्यायला कुणीतरी समोर होतं: डॉक्टर, कंपनी, ब्लेझर, डबा. आता फक्त मी होतो. यंत्र पाय वाकवत होतं, सरळ करत होतं, आणि प्रत्येक वेळी मी कान देऊन ऐकत होतो. थोडी टोचणी झाली की वाटायचं, सुटला. टोचणी नसली की वाटायचं, सुटून बाजूला पडला, म्हणून टोचत नाही. मीनल मला रागावली नाही. हे मला सगळ्यात जड गेलं.

बापूकाका दर आठवड्याला फोन करत. त्या दिवसापासून त्यांनी घरी येणं बंद केलं होतं. "मी आलो तर तू उठशील," ते म्हणाले. "फोनवर कसा उठतोस बघतो."

एमआरआयच्या दिवशी मी पोटभर पोहे खाऊन गेलो. भार्गवांनी फिल्म लावली. सरळ लावली.

जाळीच्या कडा हाडाशी जुळल्या होत्या. खालचा थर हाडासारखा दिसत होता. वरचा थर शेजारच्या कूर्चेच्या पातळीला आला होता, एका कडेला किंचित खोलगट. तिथे उभं राहण्याचा परिणाम असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असेल, नसेलही. तेवढं खात्रीनं सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. हे भरून आलं ते पेशींमुळे, की नुसत्या जाळीमुळे, की हाडातून आलेल्या रक्तामुळे, हेही या एका गुडघ्यावरून सांगता येणार नाही. मला ते उत्तर आवडलं. सूर्योदयापेक्षा बरंच बरं होतं.

आभार मानायचे तर बरेच आहेत. मोघ्यांचे, ज्यांनी आपल्याला जमणार नाही ते दुसऱ्याकडे पाठवलं. भार्गवांचे, नंबर दोनदा वाचल्याबद्दल. मीनलचे, न बोललेल्या सगळ्या वाक्यांबद्दल. आणि मगजाच्या त्या पेशींचे, ज्यांनी म्हणे दुसऱ्यांना त्यांच्या कामाची आठवण करून दिली आणि निघून गेल्या. त्यांचा सत्कार करायला कुणी सापडत नाही. तरी विलीनीकरणाच्या सगळ्या उलाढालीत नीट विलीन झालेलं मी पाहिलं ते एवढंच.

*

पुढल्या वर्षी नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. कंपनीनं मला बोलावलं: यशस्वी रुग्ण म्हणून व्यासपीठावर चालत यायचं होतं. मी नाही म्हणणार होतो, भार्गवांसाठी गेलो. पडद्यावर उगवता सूर्य होता. मला पहिल्या रांगेत बसवलं, मागे मीनल, सई आणि तिच्या शेजारी बापूकाकांसाठी राखून ठेवलेली खुर्ची. ते उशिरा येणार होते.

प्रमुख पाहुणे आले. सभागृह उठून उभं राहिलं. मी बसून राहिलो. नव्यानं मिळालेला हा वैद्यकीय अधिकार होता आणि मी तो पुरेपूर वापरला.

मग मागच्या दारात काठी वाजली. भाषण सुरू होतं. बापूकाका मधल्या वाटेनं येत होते, मोकळ्या हातानं मला बसून राहण्याची खूण करत. मी उठलो. जमिनीवर पाय घट्ट रोवून, कशालाही न धरता. उठताना गुडघ्यातून कट् असा आवाज आला. माइक नेमका त्याच वेळी बंद पडल्यामुळे तो बऱ्यापैकी लांब ऐकू गेला. व्यासपीठावरच्या भार्गवांचा चेहरा पांढरा झाला. भाषण संपण्याआधीच ते खाली उतरले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी गुडघा दाबून, वाकवून, हलवून पाहिला.

कट् वाजला होता तो डावा गुडघा. त्यात अजून काही केलेलं नाही.